औंधच्या टेकडीवरचा हिशेब

औंधला जाऊन येतो, असे मी शेजाऱ्यांना सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला तो तिथल्या फ्लॅटच्या भावाचा. डोंबिवलीकराचा यात दोष नाही. लोकलच्या गर्दीत उभी हयात गेल्यावर निवृत्तीनंतर पुण्याकडे जागा बघावी, हे स्वप्न आमच्या फलाटावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहे. आणि पुण्याकडे म्हटले की हल्ली औंध, बाणेर, बालेवाडी ही नावे ओघाने येतात. मी निघालो होतो ते औंध वेगळे. ते सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, पाऊस ज्याच्याकडे पाठ फिरवतो अशा मुलखात आहे. तिथे फ्लॅट नाहीत. एक गाव आहे, गावाला लागून एक टेकडी, टेकडीच्या माथ्यावर यमाईचे देऊळ, आणि देवळाच्या वाटेवर, निम्म्या चढणीवर, एक संग्रहालय. त्या संग्रहालयाचे माझ्याकडे जवळजवळ चाळीस वर्षांचे देणे थकले होते.

ते कसे, ते आधी सांगतो. बँकेत अधिकारी झालो तेव्हा माझी पहिली बदली सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली. ऐन पंचविशीतले वय, खोलीवर एकटाच, रविवार खायला उठायचा. अशाच एका रविवारी मी आणि आमच्या शाखेतला एक सहकारी एसटीने औंधला गेलो. देवीचे दर्शन झाले, उतरताना संग्रहालयात शिरलो. आणि मग आम्ही दोघे हसत सुटलो. हसण्यासारखे होतेच मुळी! खटावच्या माळावर युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला. ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती. शेजारी हस्तिदंताचे आणि चंदनाचे नाजूक कोरीवकाम, पलीकडे राजपूत आणि कांगडा शैलीतली चित्रे. बाहेर बाभळी आणि शेळ्या, आत पॅरिस आणि रोम. बँकेत आम्ही दिवसभर कागदाच्या नकलांवर सत्यप्रत म्हणून शिक्के मारायचो, आणि मूळ कागद पाहिल्याशिवाय कोणत्याही नकलेवर विश्वास ठेवायचा नाही हे आमच्या हाडीमाशी भिनलेले. एका हौशी राजाने पैसे खर्चून नकला जमवल्या, एवढाच शेरा मारून आम्ही परतीची एसटी पकडली.

पुढे कितीतरी वर्षांनी, एका चित्रकार मित्राच्या घरी, मला कळले की त्या संग्रहालयात हेन्री मूरचे एक अस्सल शिल्प आहे. विसाव्या शतकातल्या जगातल्या थोर शिल्पकारांत ज्याची गणना होते, तो इंग्लंडचा हेन्री मूर. आई आणि मूल असे ते दगडातले काम. म्हणजे मी नकलांना हसत होतो, आणि अस्सल वस्तूच्या समोरून निघून गेलो होतो. बँकेच्या भाषेत बोलायचे तर खोट्या नोटा मोजताना खरी नोट मी कचऱ्यात टाकली होती. तेव्हापासून हे मनात सलत होते. निवृत्त झाल्यावर त्या राजाविषयी जे मिळेल ते वाचत गेलो, आणि गेल्या हिवाळ्यात सौ.ला बरोबर घेऊन कल्याणला कोयना एक्सप्रेसमध्ये बसलो.

तसे पाहिले तर औंधचा आणि आमच्या डोंबिवलीचा संबंध जुना आहे. पंडित गजाननबुवा जोशी उत्तरायुष्यात डोंबिवलीतच राहत होते. गायक आणि व्हायोलिनवादक अशा दोन्ही नात्यांनी त्यांचे नाव साऱ्या देशात होते. १९८७ साली ते गेले. त्यांचे वडील अंतूबुवा जोशी औंध संस्थानचे दरबारगायक. गजाननबुवांचीही काही वर्षे त्याच दरबाराच्या आश्रयाने गेली. अंतूबुवांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली औंधला सुरू केलेला संगीत उत्सव आजही भरतो. पाचशे चौरस मैलांचे संस्थान, तेही एका जागी नाही. थोडे साताऱ्यात, थोडे आटपाडीकडे, थोडे कुंडलकडे आणि एक तुकडा थेट विजापुराकडे. गावे सारी मिळून ७२. एवढ्याशा जहागिरीवजा राज्याने गवयी, चित्रकार, शिल्पकार, वेदपंडित आणि कारखानदार सांभाळले. हे ज्याने केले त्याचे नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. घराणे प्रतिनिधींचे; छत्रपती राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळात परशुराम त्रिंबक यांनी गाजवलेल्या पराक्रमातून उदयाला आलेले. पण बाळासाहेब धाकटे. गादी आपल्याला मिळेल अशी त्यांना लहानपणी आशा असण्याचे कारण नव्हते. मला वाटते, हेच त्यांच्या पथ्यावर पडले. ज्याला राजा व्हायचे नसते त्याला माणूस होण्यास सवड मिळते. ते साताऱ्याला शाळेत शिकले, पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले, बी. ए. झाले. त्या काळी संस्थानिकाच्या घरात पदवीधर ही गोष्ट नवलाची होती. पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी मुंबईला आले. चित्रे काढण्याचा नाद लहानपणापासूनचा, कीर्तनाची गोडी तशीच जुनी. वडिलांच्या हाताखाली त्यांनी संस्थानच्या कारभाराची कागदपत्रेही हाताळली. म्हणजे आधी कारकुनी, मग गादी. घराण्यातली बरीच उलथापालथ होऊन अखेर ४ नोव्हेंबर १९०९ रोजी ते औंधच्या गादीवर आले तेव्हा त्यांनी एकेचाळीस वर्षे पुरी केली होती.

आता असा राजा गादीवर बसल्यावर काय करतो? शिकार करतो, मोटारी आणतो, युरोपात जाऊन घोड्यांच्या शर्यती पाहतो. त्या काळच्या संस्थानिकांची ही रीत होती. बाळासाहेबांनी सूर्यनमस्कार घातले.

हे वाचून आज कोणी हसेल. हसण्याजोगे बरेच त्यात होतेही. तरुणपणी त्यांनी दंड-बैठका काढल्या, मग युजेन सँडो या युरोपातल्या नावाजलेल्या पहिलवानाचा भक्त होऊन त्याच्या पुस्तकाबरहुकूम अनेक वर्षे डंबेल्स फिरवले. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या प्रेरणेने ते आपल्या घरच्या जुन्या व्यायामाकडे वळले आणि मग त्यातून बाहेर आलेच नाहीत. रोज पहाटे स्वतः नमस्कार घालायचे, राणीसाहेबांनी घालायचे, मुलाबाळांनी घालायचे. पुढे संस्थानच्या शाळांतून ते सक्तीचे झाले. औंधच्या शाळेत गेलेल्या पिढीला पाढ्यांच्या आधी नमस्कार पाठ असत. १९२८ साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १९३६ साली सदुसष्ट वर्षांचे असताना ते विलायतेला गेले, तेव्हा त्यांची ताठ पाठ आणि तुकतुकीत कांती पाहून लुईझ मॉर्गन नावाच्या एका पत्रकार बाईंनी त्यांना गाठले, आणि त्यातून १९३८ साली लंडनमध्ये दहा कलमी आरोग्यमार्गाचे एक पुस्तक निघाले. आज जगभर योगाच्या वर्गांतून जे सूर्यनमस्कार घातले जातात त्यांच्या प्रसाराचा इतिहास लिहिणारे परदेशी अभ्यासक औंधपाशी थांबतातच. आपल्याकडे रथसप्तमीला शाळाशाळांतून सामुदायिक नमस्कार होतात. घालणाऱ्या मुलांना या राजाचे नाव ठाऊक असेलच असे नाही.

पण नमस्कार ही त्यांची एक बाजू. दुसरी बाजू कीर्तनाची. राजा स्वतः कीर्तनाला उभा राहायचा. समोर बसलेली रयत त्याचीच. त्यात शेतसारा थकलेलाही असणार. सिंहासनावर बसलेल्या राजाकडे लोक खालून वर बघतात, कीर्तनात मात्र बुवांना लोकांची मान डोलावी म्हणून खपावे लागते. कथा रंगली नाही तर श्रोता पेंगतो, मग समोर राजा असो की आणखी कोणी. प्रजा पेंगते की जागी आहे हे समजण्याचा याहून सोपा उपाय कोणत्या दरबारात सापडेल असे मला वाटत नाही.

तिसरी बाजू चित्रकाराची. रामायण त्यांनी स्वतःच्या कुंचल्याने रंगवले. १९१६ साली ते चित्ररूपाने ग्रंथबद्ध झाले. शिवचरित्रावरही त्यांनी चित्रे केली. चित्रकारांना बरोबर घेऊन ते अजिंठ्याला गेले, वेरूळला गेले, आणि दोन्ही लेण्यांवर त्यांनी माहितीपर पुस्तके लिहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी, तिला आपली चित्रे असावीत, या कल्पनेमागेही तेच. त्यासाठी त्यांनी लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. १९१९ साली ते काम सुरू झाले आणि १९६६ साली संपले. बाळासाहेबांना जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. पन्नास वर्षांनी फळणाऱ्या झाडाला पाणी घालायचे, तर त्याला बँकवाल्याचे काळीज चालत नाही. आम्ही पाच वर्षांच्या पलीकडचा हप्ता बघायला कचरतो.

औंधला त्यांनी आणखी एका माणसाला आसरा दिला. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. चित्रकार म्हणून नाव मिळवलेला हा गृहस्थ वेदांकडे वळला, त्याच्या लिखाणामुळे इंग्रज सरकारच्या डोळ्यांवर आला, आणि १९१८ साली औंधला आला. पुढची तीस वर्षे त्यांच्या स्वाध्याय मंडळाचे काम तिथूनच चालले. वेदांच्या शुद्ध संहिता छापून सामान्य वाचकाच्या हाती पडल्या त्या या टेकडीच्या पायथ्याशी.

आता मला जी गोष्ट सर्वांत अवघड वाटते ती सांगतो. बेळगावला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लहानसा कारखाना होता. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे ते बनवीत. तिथल्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी ती जागा हवी झाली आणि लक्ष्मणरावांना उठावे लागले. यंत्रे घेऊन जायचे कुठे? त्या सुमारास औंधला त्यांच्याकडे एका सभामंडपाचे बांधकाम होते. बाळासाहेबांनी त्यांना सांगितले की संस्थानात हवी ती जागा निवडा. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ निवडला. निवडुंग आणि साप यांचीच तिथे वस्ती. वर राजाने दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि तेही बिनव्याजी. १९१० साल होते ते. गादीवर येऊन राजाला वर्षही झाले नव्हते.

ज्या स्टेशनला तेव्हा कुंडल रोड म्हणत त्याला आज किर्लोस्करवाडी म्हणतात. नांगर तर तिथून गावोगाव गेलेच. पण तुमच्या-माझ्या घरात आले ते त्या माळावर निघालेले मासिक. किर्लोस्कर, स्त्री, मनोहर ही मासिके आमच्या आई-आजींनी उशाशी घेऊन वाचली. मराठी मध्यमवर्गाने अर्धे शतक ज्या खिडकीतून जग बघितले, तिची चौकट त्या निवडुंगाच्या माळावर घडली.

आमच्या कर्ज खात्यात हे प्रकरण आले असते तर? अर्जदाराला जागा नाही. जुन्या जागेवरून उठवलेला. तारण द्यायला काही नाही. विक्रीचा भरवसा नाही, कारण शेतकरी लोखंडी नांगराला हात लावायला बिचकतो. लोखंडाने जमीन विषारी होते असा त्याचा समज. अशा कागदावर मी काय शेरा मारला असता ते मला नीट ठाऊक आहे, कारण मी तो एकदा मारलेला आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा एक तरुण नोकरी सोडून स्वतःचा गाळा घ्यायचे म्हणत होता. हातात कसब, डोळ्यांत चमक, खिशात काही नाही. मी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला, आणि अर्जावर तारण अपुरे असे लिहून सही केली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. कागद परत घेताना तो हसून नमस्कार करून गेला. त्याचे पुढे काय झाले ते मला कधी कळले नाही. माझ्या नोकरीत माझे एकही कर्ज बुडाले नाही याचा मला निरोपसमारंभात फार अभिमान वाटला होता. औंधचा इतिहास वाचल्यापासून तो अभिमान जरा सैल झाला आहे. एकही कर्ज बुडाले नाही, याचा अर्थ मी कुणावर विश्वास टाकण्याची जोखीमच घेतली नाही, असाही होतो.

राजाने मात्र पुढे याहून मोठी जोखीम घेतली. १९३८ साली त्यांच्या वाढदिवसाच्या निमित्ताने त्यांनी जाहीर केले की आपण संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती देणार. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले होते. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडमधला ज्यू इंजिनिअर, म्हैसूर संस्थानच्या विजेच्या सामानाच्या कारखान्याचा प्रमुख, अंगावर भगवी वस्त्रे घालून औंधला येऊन राहिला होता. या मंडळींनी वर्ध्याला जाऊन गांधीजींपुढे आराखडा ठेवला. गांधीजींनी त्यात स्वतः लक्ष घातले. जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली. पाया ग्रामपंचायतीचा, त्यावर तालुका, त्यावर संस्थानचे विधिमंडळ. शेजारच्या संस्थानांतून प्रजा हक्कांसाठी मोर्चे काढत होती, लाठ्या खात होती; आणि इथे राजाच आपल्या हाताने शिक्क्याच्या किल्ल्या काढून देत होता. वय तेव्हा सत्तर.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंत नसलेल्या वस्तीत, शेतीवर, बायकामुलांसह ठेवायचे, अशी ती कल्पना. फ्रीडमनचे डोके आणि राजाची संमती. ही वसाहत आजही आहे. १९५७ साली व्ही. शांतारामांनी पडद्यावर आणलेला दो आँखे बारह हाथ हा चित्रपट आपण सर्वांनी पाहिलेला आहे; त्याचे मूळ या स्वतंत्रपुरात. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच संस्थानातले, इथल्याच शाळांत शिकलेले.

माडगूळकरांचे नाव निघाले म्हणून एक हिशेब सांगतो. मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बाळासाहेबांना १९३५ साली इंदूरला मिळाले. पुढे १९७३ साली यवतमाळला ग. दि. माडगूळकर अध्यक्ष झाले, १९८३ साली अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर, आणि १९८४ साली जळगावला शंकरराव खरात. हे तिघे आटपाडी भागातले, म्हणजे औंध संस्थानच्या मुलखातले. खरात तर गावकुसाबाहेरच्या वस्तीत जन्मलेले, पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ७२ गावांच्या एका दुष्काळी संस्थानाने चार संमेलनाध्यक्ष दिले. हे सारे एकट्या राजामुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. माणसे आपल्या अंगच्या गुणांनी मोठी होतात. पण ज्या गावात शाळा असते, चित्र असते, गाणे असते, तिथल्या पोराला आपल्या अंगी गुण आहे हे लवकर कळते, एवढे तर खरे.

बेचाळीसच्या चळवळीत क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, त्याचे एक मोठे ठाणे कुंडल. तेही औंध संस्थानातच. इंग्रजांचा दाब असताना संस्थानाने भूमिगतांच्या बाबतीत डोळे किलकिले ठेवले, आणि त्याची किंमत राजघराण्याला पडू शकत होती हे त्यांना समजत होते. पुढे ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झाले. बाळासाहेबांच्या हातात तेव्हा सोडण्यासारखे थोडेच उरले होते. मोठा भाग त्यांनी नऊ वर्षे आधीच सोडला होता. १३ एप्रिल १९५१ रोजी ते गेले.

आणि हे संग्रहालय? ते त्यांनी १९३८ साली उभे केले. म्हणजे ज्या वर्षी सत्ता सोडण्याचा निश्चय जाहीर केला त्याच वर्षी. आयुष्यभर जमवलेल्या चित्रांची, मूर्तींची, ग्रंथांची आणि हस्तलिखितांची जागा राजवाड्यातून हलवून त्यांनी टेकडीवर आणली आणि कुलदेवतेच्या नावाने तिला श्रीभवानी संग्रहालय म्हटले. आज ते राज्य शासनाकडे आहे.

साताऱ्याला एका नातेवाइकांकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही औंधला पोचलो. सौ.चे गुडघे हल्ली कुरकुरतात, म्हणून पायऱ्या दमादमाने चढलो. बरोबरीने दर्शनाला निघालेली मंडळी होती. डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, हातात नारळाची पिशवी, कडेवर मूल, मागे टोपीवाला कारभारी. देवळात जाऊन, यमाईपुढे डोके टेकून आम्ही उतरलो आणि संग्रहालयाशी आलो. तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी पंचविशीत आली नव्हती. आमच्याबरोबर दर्शनाला असलेली ती सगळी मंडळी आत शिरत होती. मुद्दाम संग्रहालय बघायला औंधला कोण येणार? पण देवीला जो येतो त्याच्या वाटेतच हे घर आहे. राजाने ते गावात राजवाड्याशेजारी बांधले असते तर पाहुणे आले असते, साहेब आले असते. हा टोपीवाला कारभारी पायरीशीच बिचकला असता. देवीच्या वाटेवर कुणीही बिचकत नाही.

आणि मग त्या नकलांचाही अर्थ लागला. खटावचा शेतकरी रोमला कधी जाणार? अजिंठाही त्याला लांबच. युरोपातल्या राजवाड्यांतली अस्सल चित्रे काही विकत मिळत नव्हती, आणि मिळाली असती तरी ७२ गावांच्या महसुलात परवडली नसती. मग ज्यांना जगाकडे जाता येत नाही त्यांच्या वाटेवर जग आणून ठेवायचे; अस्सल मिळेल तेथे अस्सल, न मिळेल तेथे नक्कल. म्हणूनच इथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत आणि त्याच छपराखाली युरोपातल्या चित्रांच्या प्रतीही आहेत. दोन्ही सारख्याच मानाने लावलेली. आम्ही बँकेत सत्यप्रत बघायचो ती मूळ कागद कपाटात सुरक्षित राहावा म्हणून. इथे नक्कल केली आहे ती कपाट उघडे राहावे म्हणून.

हेन्री मूरची ती आई मी या खेपेस शोधून काढली. मोठी भपकेबाज वस्तू नव्हे. दगडाचा एक आटोपशीर तुकडा. चेहऱ्याचा तपशील फारसा नाही, दागिना नाही, पदर नाही. गोलाई आहे आणि गोलाईत विसावलेले मूल आहे. सौ. तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली की बाईने मूल अगदी नीट धरले आहे. आमच्या पुढे असलेली मंडळी दोन क्षण थांबून पुढे गेली. त्यांना रविवर्म्याच्या चित्रांची ओढ अधिक होती. मला त्याचा राग आला नाही. मी तर चाळीस वर्षांपूर्वी दोन क्षणही थांबलो नव्हतो, आणि मला शिकलेला म्हणत.

त्या दिवशी उतरताना पायऱ्यांवर बसून मी मनातल्या मनात बाळासाहेबांचा ताळेबंद मांडून पाहिला. नावे बाजूला काय लिहायचे? गवयांना दिले, पंडितांना दिले, महाभारताला दिले, कारखान्याला जमीन दिली, कैद्यांना शेत दिले, प्रजेला राज्य दिले. एवढ्या नोंदी झाल्यावर शिल्लक शून्य यायला हवी. पण जमेच्या बाजूला आज किर्लोस्करवाडी उभी आहे, स्वतंत्रपूर उभे आहे, भांडारकरचे महाभारताचे खंड ग्रंथालयांत उभे आहेत, औंधच्या उत्सवात तंबोरे अजून लागतात, आणि कुठल्याशा शाळेच्या मैदानावर पहाटे पोरे नमस्कार घालतात. हिशेब जुळत नाही. तीस वर्षे बँकेत काढून मला न जुळणारा हिशेब आवडला असा हा पहिलाच.

चुकाही त्यांच्या असतील. नमस्कारांचा हट्ट अती होता, सक्ती तर नकोच होती, आणि संस्थान लहान म्हणून हे सारे जमले असे म्हणणारेही आहेत. लहान होते हे खरे. पण भोवतालची कितीतरी संस्थाने त्याच मापाची होती, आणि त्यांची नावे आज त्यांच्या वाड्यांच्या पडक्या भिंतींवरसुद्धा वाचता येत नाहीत.

घरी आलो तेव्हा शेजाऱ्यांनी पुन्हा विचारले, काय भाव चालू आहे औंधला? मी त्यांना सांगितले की भावाचे काही कळले नाही, पण एकदा मुलांना घेऊन जाऊन या; कल्याणहून सातारा, साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे एसटी, आणि वर देवीला जाऊन उतरताना डावीउजवीकडे बघत चला. नकलांना हसावेसे वाटले तर हसा. फक्त एका दगडी बाईपाशी जरा थांबा. घाई करू नका.